मँडोलिनची पाठ

जुनं मँडोलिन घेऊन येणारा प्रत्येक जण लातूरच्या माझ्या दुकानाची पायरी चढतानाच सांगतो की हे इटलीचं आहे. मी लगेच खवळतो. आपल्याकडे आली ती बहुतेक कलकत्त्याची, आणि ते सिद्ध केल्याशिवाय मला चैन पडत नाही. जित्याची खोड, दुसरं काय!

गेल्या श्रावणात देगलूरच्या एक बाई आल्या. नवरा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मँडोलिन वाजवायचा, वर्षापूर्वी वारला. तोही इटलीचंच म्हणायचा. बाईंचं मागणं एवढंच होतं की तुटलेल्या तारा बदला, मुलीला आवाज ऐकायचाय; बाकी कशाला हात लावू नका, जसं आहे तसं राहू द्या. मी हो म्हणालो. त्या गेल्याबरोबर छोटा आरसा आणि मोबाईलची बॅटरी घेऊन आत डोकावलो.

आतली चिठ्ठी अर्धी कसरीने खाल्लेली, तरी कलकत्ता वाचता येत होतं. मग लाकूड पाहायला पाठ उजेडात धरली. तिच्यावर पांढुरके पट्टे होते. बुरशी धरली असेल म्हणून फडक्याने चोळून पुसले. खाली आपल्याकडचंच तुणाचं लाकूड निघालं. माझी मीच पाठ थोपटून घेतली.

आठवड्याने बाई आल्या. मी आधी कलकत्त्याचा शोध ऐकवला. त्यांनी तो ऐकून घेतला, मँडोलिन मांडीवर पालथं घातलं आणि पाठीवरून हात फिरवला.

"भाऊ, इथली बोटं कुठं गेली?"

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. दसऱ्याच्या पूजेत मँडोलिन ठेवलं की मालक त्याच्या पाठीवर भस्माची तीन बोटं ओढायचे. दरवर्षी, जुन्यांवरच नवी. शेवटची आजारपणातली, हात थरथरत असताना ओढलेली, म्हणून वाकडी.

मीही लिंगायतच. माझ्या पटाशीवर, करवतीवर दर दसऱ्याला हीच तीन बोटं मी स्वतः ओढतो. आणि मला ती ओळखू आली नाहीत. फार लाज वाटली, अजून वाटते. बुरशी समजून पुसली, असं सांगून टाकलं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दुकानात इकडेतिकडे पाहिलं.

"पुसलेलं फडकं तरी हाय का?"

ते मी त्याच दिवशी साबण लावून धुतलं होतं.