भाचीचं कार्ड आणि माझा डावा कान

माझी भाची अंदमानला लोकांना समुद्रात बुडी मारायला शिकवते. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. दिवाळीत ती आर्णीजवळच्या आमच्या गावी आली आणि तिचं कार्ड साऱ्या ओट्यावर फिरलं. एकानं तर ते कपाळाला लावलं. मी चाळीस वर्षं आसपासच्या विहिरींतून पाण्याच्या मोटारी, बादल्या, एकदा तर नवरीच्या गळ्यातली पोत वर काढली. माझा हात कोणी कपाळाला लावला नाही.

"हे कार्ड जगात कुठंही चालते," ती म्हणाली. "पाणबुड्यांची जगभराची संस्था आहे. कोणी शिकवायचं, किती खोल जायचं, सारं तेथं ठरते."

"आपल्या विहिरीत चालते काय?" मी विचारलं. सारे हसले. तिच्यावर हसले की माझ्यावर, कळलं नाही. त्यानं अजूनच आग लागली.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हटलं, "मलेही काढून दे असं कार्ड. चार पुरुष खोल पाण्यात मी बिनटाकीचा जातो."

खरं सांगायचं तर मला कार्ड नको होतं. ते तिच्याजवळ होतं, म्हणून पाहिजे होतं.

तिनं फोनवर अर्ज उघडला न् एकेक प्रश्न वाचू लागली. दम लागतो? नाही. छातीत दुखतं? नाही. कान फुटला होता कधी?

"नाही."

तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, बाजूलाच कांदे चिरत होती. "दादा, खोटं काहून बोलून राह्यला? डावा कान फुटला तवा उशी रक्तानं भरली होती. अजूनही त्या बाजूनं हाक मारली तर तुले ऐकू येत नाही."

भाचीनं फोन खाली ठेवला. "मामा, कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा. त्याबिगर मी तुम्हाले पाण्यात नेत नाही."

"मामालेही नियम?"

"साऱ्या जगाले एकच नियम आहे."

"त्या जगाच्या पंचांनी माही विहीर पाह्यली काय?"

"नसन पाह्यली. तुमचा कान तं मी पाहून राह्यली ना."

मी उठून गेलो. ती निघाली तेव्हा आमच्या रीतीनं मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं. मी गोठ्यात जाऊन बसलो.

पंधरा दिवसांनी शेजाऱ्याची मोटार विहिरीत पडली. तो धावत आला, "काका, चला." मी गेलो, सदरा काढला, पायऱ्या उतरलो. पाणी गुडघ्याला लागलं आणि तिचा तो कानाचा प्रश्न आठवला. परत वर आलो, सदरा घातला.

"गुडघा दुखून राह्यला," म्हटलं. "दुसरा माणूस पाहा."

कानाचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर दुपारपर्यंत अंदमानला पोचलं असतं.