बाद झालेला ट्रक

तो ट्रक घ्यायचं ह्यांनी ठरवलं तेव्हा मला विचारलं नव्हतं. वीस वर्षं चिरेखाणीवर दुसऱ्याचा डंपर चालवून माझा नवरा कंटाळला होता. लष्करातून बाद झालेल्या गाड्यांचा घाटावर लिलाव होतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. चार दिवस घरी नव्हते. पाचव्या दिवशी दुपारी दुसऱ्या ट्रकला बांधून ओढत आणलेलं ते धूड आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन उभं राहिलं. ते आत घ्यायला कुंपण तोडावं लागलं.

"लोखंड बघ गो," त्याच्या बॉनेटवर थाप मारत हे म्हणाले. "आताच्या गाड्यांक असला लोखंड खंय गावता?"

"ह्या ठेवतलात खंय?" मी विचारलं.

पुढची नऊ वर्षं ट्रक खळ्यातच राहिला. वाळवण घालायला मी शेजारणीच्या अंगणात जाऊ लागले.

विचार तसा वाईट नव्हता. ट्रकची चारही चाकं जोर घेत, त्यामुळे तो वाळूत रुतत नसे. मे महिन्यात आमच्या देवबागच्या किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढून घ्यायला पंधरा-वीस माणसं लागतात, आणि आता तेवढी माणसं वाडीत उरलेली नाहीत. हे काम ट्रकने करायचं, असं ह्यांच्या मनात होतं. पण त्याआधी तो ट्रक चालायला हवा होता.

दीड वर्ष गेलं. हिरवा रंग खरवडला तर खाली मातकट पिवळा निघाला, म्हणजे कधीकाळी तो वाळवंटात असणार. सीटखालच्या पेटीत लोकरीचा एकच हातमोजा सापडला, म्हणजे बर्फातही गेला असणार. हे दिवसभर गंज घासत आणि संध्याकाळी लाल प्रायमर लावत. आठ दिवसांत त्या प्रायमरखालून पुन्हा गंज फुलून येई. समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. इथे खिडकीची कडीसुद्धा टिकत नाही, मग एवढा मोठा लोखंडाचा डोंगर कसा टिकणार? ब्रेकचे रबर कोल्हापूरच्या भंगारवाल्यांकडे शोधावे लागले. कागदपत्रांसाठी हे इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात जात, तिथे जपून शुद्ध मराठी बोलत आणि घरी आले की शर्ट काढून पुन्हा गंज घासायला बसत.

मी त्यात ओढली गेले ती शिलाईमुळे. मागचं ताडपत्रीचं छप्पर फाटलं होतं. बाहेर शिवून घेण्यापेक्षा मीच माझ्या मशीनवर शिवते म्हटलं. सात सुया मोडल्या. एकदा हात लागला तो लागलाच. मग पाना धर, बॅटरी दाखव, ब्रेक दाब, असं करत करत मला त्या गाडीचं सगळं कळू लागलं.

एके दिवशी गिअरबॉक्स उचलताना ह्यांच्या कमरेत चमक भरली. डॉक्टरांनी मणका सरकल्याचं सांगितलं. हे चार महिने पाठीवर पडून होते. गिअरबॉक्स शेवटी गावातल्या मेकॅनिकने बसवला, पण बाकीचं सगळं माझ्याकडे आलं. दर आठवड्याला इंजिन सुरू करायचं, ग्रीस भरायचं, डिझेलच्या पाइपात हवा धरली की ती काढायची. हे आतून ओरडून सांगत आणि मी करी. खळ्यातल्या खळ्यात गाडी मागेपुढे घ्यायलाही तेव्हाच शिकले.

हे असे पडून असतानाच, मे महिन्यात, वादळाची सूचना आली. सकाळी सकाळी खालच्या वाडीतले दोन मच्छीमार दारात उभे राहिले.

"वयनी, दादाक उठाक जमणा नाय, म्हायत आसा," त्यातला थोरला म्हणाला. "पण होड्यो गेल्यो तर आमी पण गेलो."

मी आत बघितलं. ह्यांनी उशीवरून मान उचलली. "पयलो गिअर घाल आणि हळू सोड. रेस देव नको. गाडी आपणच ओढता."

मी गाऊनवर ह्यांचा जुना शर्ट चढवला आणि गेले. त्या दिवशी अकरा होड्या वर ओढल्या. समोर माड, मागे दोर, आणि आरशात एवढंसं दिसणारं माणसांचं कोंडाळं. प्रत्येक वेळी थोरला हात वर करी तेव्हा थांबायचं. बाराव्या होडीला दोर तुटला आणि चाबकासारखा येऊन मागच्या फळीवर आपटला. फळी चिरली. कुणाला लागलं नाही. मी मात्र स्टिअरिंग सोडू शकले नाही. थोरल्याने दार उघडून माझी बोटं एकेक करून सोडवली. बारावी होडी मग बायकापोरांसकट सगळ्यांनी हातांनीच खेचली.

त्यानंतर आठ दिवस आमच्याकडे सुरमई येत होती आणि माझं कौतुक चाललं होतं. पण होड्या ओढल्या त्याच दुपारी मी पावसात गाडीखाली आडवी झाले होते, ते कुणी पाहिलं नाही. खारं पाणी चाकांच्या आत शिरलं होतं. नट सोडला तर ऑइल दुधाच्या चहासारखं बाहेर आलं. ते सगळं काढायचं, धुवायचं, नवं भरायचं. दुसऱ्या दिवशी तेच उरलेल्या चाकांना. पुढच्या प्रत्येक मे महिन्याची आठवण मला अशीच आहे. अर्धा दिवस किनाऱ्यावर, आणि मग आठवडाभर गाडीच्या खाली.

ह्यांची कंबर पुढे बरी झाली, पण वाकता येईना. माझे गुडघे गेले. दोन वर्षांपूर्वी मच्छीमारांनी मिळून एक ट्रॅक्टर घेतला. चांगलंच झालं. ट्रकला तेव्हापासून काम नव्हतं, पण गंज काही थांबला नाही. दर आठवड्याला इंजिन सुरू करताना मी स्वतःलाच विचारी, कशासाठी?

गेल्या दिवाळीनंतर होमस्टेवाला एक मुलगा आला. त्याला ट्रक आपल्या दारात उभा करायचा होता, पर्यटकांना फोटो काढायला. हे व्हरांड्यात बसून ऐकत होते. मला वाटलं, आता भांडण होणार.

"तूच सांग," हे मला म्हणाले. "म्हेनत तुझी."

मी देऊन टाका म्हटलं. खरं सांगते, मला रडू आलं नाही. ट्रक गेला त्या दुपारी मी तीन तास झोपले.

पंधरा दिवसांनी त्या मुलाचा फोन. लग्नाची पार्टी आली होती, त्यांना ट्रकमधून फिरायचं होतं, आणि इंजिन धरत नव्हतं. मेकॅनिक बघून गेला होता. "मावशी, जरा येतात काय?"

रिक्षाने गेले. नवरानवरी सजून झाडाखाली उभी होती. साडी खोचून मी डिझेलची हवा काढली, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरताना पायरीवर हात ठेवला तर तळवा तांबडा झाला. कुणी घासलेलीच नव्हती.

घरी आले तेव्हा हे जेवायचे थांबले होते.

"कशी आसा?" त्यांनी विचारलं.

"गंजता," मी म्हटलं आणि हात धुवायला मागे गेले.

आता महिन्यातून एकदा जाते. गाडीवरचा खार धुवायला साबण आणि जुना फडका सोबत नेते. नाही म्हणायचं ठरवते, पण फोन आला की रिक्षावाल्याला हाक मारते.