आधी किलबिल, मग उजेड

डॉ. शालिनी गायकवाड यांची आणि माझी पहिली भेट अंधेरीच्या कॉलेजात झाली. संशोधनासाठी विचारायला गेले होते. मार्कलिस्ट पुढे केली, तर मॅडमनी ती बाजूला सारून माझ्या कानांना हेडफोन लावले. आत पहाटेसारखी किलबिल चालली होती.

"कुठले पक्षी, मॅडम? आरे कॉलनीतले?"

"पक्षी नाहीत गं! पृथ्वीभोवती आपोआप उठणाऱ्या रेडिओलहरी आहेत, आवाजात बदलून घेतल्यात."

त्याच दिवशी मी त्यांची विद्यार्थिनी झाले.

आधी कानांनी ऐकायचं आणि मगच आलेख उघडायचा, हा मॅडमचा शिरस्ता. त्यांचा विषय ध्रुवीय प्रकाश. अवकाशातले इलेक्ट्रॉन वरच्या हवेवर आदळतात आणि ध्रुवाकडचं आकाश हिरवंगार उजळतं. जन्म घाटकोपरच्या चाळीतला, बर्फ ठाऊक तो जुहूच्या गोळ्याचा, आणि अभ्यास कशाचा, तर ध्रुवाचा! उजेड आणि लहरी ही दोन्ही त्या कोसळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचीच करणी, असं मत त्यांनी आयुष्यभर मांडलं. त्याच मतासाठी त्यांना मान होता.

माझ्या पीएच.डी.त नेमकं उलटं निघालं. लुकलुकणाऱ्या प्रकाशाच्या नोंदींत दर वेळी आधी किलबिल यायची, मग उजेड. म्हणजे तिथे लहरीच इलेक्ट्रॉनांना खाली ढकलत होत्या. माझी पाचावर धारण बसली. मार्गदर्शकांनाच खोटं पाडल्यावर पदवी कशी मिळणार? सोबतची रेश्मा म्हणाली, "वाट लागली तुझी, यार. गप्प बस ना!"

मला गप्प बसवेना. मॅडमनी डोळे मिटून नोंदी ऐकल्या, पुन्हा ऐकल्या आणि तडक घरी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या त्या बटाटेवड्यांचा भलामोठा पुडा घेऊन. ज्याचं म्हणणं चुकीचं ठरेल त्याने सगळ्यांना वडे द्यायचे, हा आमच्या गटाचा नियम. मॅडमवर ती पाळी कधी आली नव्हती. "खा रे सगळे! हिने माझं मत पाडलंय. आणि काय झकास पाडलंय!" त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. मला रडू आवरेना. पुढे परीक्षकांसमोरही त्यांनी आपण होऊन तेच सांगितलं. एवढं मोठं मन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आज पंचाहत्तरीतही मॅडम मुलुंडच्या घरी नोंदी ऐकत बसतात. परवाच त्यांचा फोन आला. "अगं, तुझ्या लहरी सगळीकडे आधी येत नाहीत. काही ठिकाणी माझंच खरं आहे, बघ तू!"

मॅडम, मी इतक्यात मानणार नाही. तुम्हाला ते सिद्ध करावं लागेल, आणि त्यासाठी ठणठणीत तब्येतीने भरपूर वर्षं जगावं लागेल. पाडायला मी आहेच.