थांबा चौथा आणि दुसऱ्यांचे पोहे

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक ओलांडलेलं नाही, आणि लिखाण म्हणाल तर रेशनच्या दुकानात आप्पा सही करतात तेवढंच. तेव्हा मी उठून आठवणी लिहाव्यात हे जरा जास्तच झालं, हे मला कळतं. पण माफी एवढीच. पुढे जे घडलं त्याबद्दल मी कुणाचीही माफी मागणार नाही, कारण माझ्या नकाशात चूक नव्हती. (हे मी सरांना सांगितलं, मामांना सांगितलं आणि एका परक्या स्वयंपाकघरात कांदा सोलतानाही सांगितलं.)

मी जत तालुक्यातला. साताऱ्यात इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आम्हाला प्रकल्प होता: साताऱ्याच्या एका जुन्या पेठेचं असं पत्रक तयार करायचं, की ते हातात धरून कुणीही वाटाड्याशिवाय पेठ हिंडून यावं. नकाशा, थांबे आणि प्रत्येक थांब्यावर काय पाहायचं याच्या दोन-चार ओळी. मी जीव ओतून केलं. सहा थांबे काढले. मग सरांनी शेवटची अट घातली.

"ज्यांनी ही पेठ कधी पाहिली नाही अशा माणसांच्या हातात पत्रक द्या. तुम्ही मागून चालायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तुम्हाला एक शब्द जरी सांगावा लागला, तर पत्रक नापास!"

माझे सगळे मित्र साताऱ्याचे. पेठ न पाहिलेली माणसं मला एकाच ठिकाणी माहीत होती. मी घरी फोन लावला.

घरी वेगळाच प्रश्न पेटलेला होता. मला पुढे एम.ए. करायचं होतं. आप्पांचं म्हणणं, बी.ए. झालं की भरतीला जायचं. मामा फौजेतून निवृत्त झालेले, त्यांनी तर सुट्टीत मला पहाटे माळावर पळवायला सुरुवातही केली होती. (मी पळायचो. मेंढरं माझ्याकडे बघून चरायची थांबायची.)

आप्पा फोनवर म्हणाले, "येतो आमी. तीन वर्सं तू काय शिकलास ते मला बघू दे. मला कळलं तर शीक फुडं. न्हाई कळलं तर गपगुमान भरती. बोल, हाय कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. एका पत्रकावर मी कॉलेजचा प्रकल्प आणि अख्खं आयुष्य, दोन्ही लावून बसलो!

रविवारी आई, आप्पा आणि मामा एस.टी.तून उतरले आणि मी बघतच राहिलो. आप्पांनी लग्नातला गुलाबी पटका बांधला होता. आईनं कडक इरकल नेसलं होतं आणि तिच्या पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर डोकावत होती. मामांनी इस्त्रीचा सफारी घातला होता आणि बुटांत तोंड दिसत होतं.

"आई, नारळ कशाला?"

"तूच म्हनलास न्हवं, वाटंत देऊळ हाय म्हनून? देवाकडं काय मोकळ्या हातानं जायचं व्हय?"

स्टँडवरच आप्पांनी गावाकडे न्यायला कंदी पेढ्यांचा पुडा घेतला. मी मामांच्या हातात पत्रक दिलं आणि सांगितलं, "आता मी बोलणार नाही." मामांनी पत्रकाकडे सीमेवरचा नकाशा बघावा तसं बघितलं आणि हुकूम सोडला, "चलो! बिरा सगळ्यात मागं!" (बिरा म्हणजे मी.)

पहिला थांबा पेठेच्या तोंडाशी होता, तो सुरळीत पार पडला. दुसऱ्या थांब्यावर जुना दगडी हौद होता, आणि तिथं आप्पाच थांबले. मामा वाचत होते, "डोंगरावरून खापरी नळांनी पाणी उतारावर आणून पेठांतल्या हौदांत सोडत असत."

"परत वाच," आप्पा म्हणाले.

मामांनी परत वाचलं.

"टँकरबिगर?"

"टँकर नव्हतं तवा, दाजी!"

आप्पांनी हौदाच्या काठावर हात ठेवला आणि बराच वेळ आत बघत राहिले. आमच्याकडे टँकर आला की माणसं चपला विसरून पळतात. त्या माणसाला मी हौद दाखवला होता! मला बोलायचं होतं, लय बोलायचं होतं, पण अट होती. मी ओठ चावला आणि मागे उभा राहिलो.

तिसऱ्या थांब्याचं देऊळ रंगकामासाठी बंद निघालं. (याला माझा नकाशा काय करणार?) आईनं बाहेरूनच हात जोडले. नारळ मात्र पिशवीतून निघून तिच्या हातात आला, तो हातातच राहिला.

आणि मग आला थांबा चौथा.

चौथ्या थांब्यावर एक जुनं, नीट राखलेलं घर होतं. मी लिहिलं होतं: "दाराच्या चौकटीवरचं कोरीवकाम बारकाईने पाहा. आत सागवानी खांब आहेत. घरातली माणसं प्रेमळ आहेत." खांब मी एकदा उघड्या दारातून पाहिले होते. माणसं प्रेमळ आहेत हे मी आपलं मनानंच लिहिलं होतं. इतक्या सुंदर दारामागे चिडकी माणसं कशी असतील?

तर दृश्य असं. पटक्यातला एक वडीलधारा माणूस, हातात पेढ्यांचा पुडा. शेजारी इरकल, हातात नारळ. पुढे सफारीतले मामा, मान वर करून चौकट न्याहाळतायत. मागे खाली मान घालून उभा असलेला, इस्त्रीच्या शर्टातला, एक शब्द न बोलणारा तरुण. आपल्याकडे अशी चार माणसं रविवारी सकाळी कुणाच्या दारात उभी राहिली, तर त्याचा अर्थ एकच होतो. जगात दुसरा अर्थ नाही!

दार उघडलं. सदऱ्याची बटणं लावत एक काका बाहेर आले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"या, या, या! वेळेआधीच आलात की! जतकडचेच ना?"

"व्हय, जतकडचे," आप्पा चकित होऊन म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "बिरा, ह्यांस्नी आधीच सांगून ठिवलंस व्हय रं? लय झ्याक!"

मी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. काका हसले. "लाजतोय मुलगा. चालायचंच. या, पाय धुवा."

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी बोलायचं! सगळे तेच म्हणतात. पण बोललो असतो तर पत्रक नापास, पत्रक नापास तर भरती. मी हातवारे केले. पत्रकाकडे बोट दाखवलं, दाराकडे दाखवलं, स्वतःकडे दाखवून दोन्ही हात हलवले. मामा गुरगुरले, "बिरा, सीधा खडा रह! लोकांच्या घरात हातवारे करतंय."

बैठकीत सतरंजी अंथरलेली. पोह्यांच्या बशा आल्या, वर ओलं खोबरं, कोथिंबीर. आई माझ्या कानात म्हणाली, "शेहरातली मानसं आशी आसत्यात म्हाईत न्हवतं बाई. नुसतं घर बघायला आलो तर पोहं!" आप्पांनी तर दुसऱ्यांदा घेतले. चालून भूक लागली होती, आणि मामांच्या मते वाढलेलं ताटात ठेवणं हे पलटणीत चालत नाही. बघता बघता पातेलं रिकामं झालं.

काका कौतुकानं बघत होते. "आमच्याकडं पाणी रोज येतं हं," ते म्हणाले.

"रोज?" आप्पांचा घास हातातच राहिला.

"रोज. म्हणून मुलीच्या आईला जरा काळजी वाटते. तुमच्या भागात पाण्याचं कसं?"

आता परक्या माणसाच्या बायकोनं जतच्या पाण्याची काळजी करावी, हे आप्पांना इतकं भिडलं की त्यांनी पेढ्यांचा पुडाच काकांच्या हातात दिला! आणि आईनं, आता एवढं केलंय तर, म्हणून नारळ त्या घरातल्या काकूंच्या ओटीत घातला! मी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तर समोर चहाचा ट्रे घेऊन मुलगी उभी. तेजश्री तिचं नाव. बी.एड. करत होती. चहा देऊन ती समोर बसली आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही काय करता?"

मी मान डोलावली.

"म्हणजे?"

मी परत मान डोलावली आणि मामांच्या हातातलं पत्रक तिच्यापुढे सरकवलं. ते माझं उत्तरच होतं, नाही का? तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग मान वर केली.

"'घरातली माणसं प्रेमळ आहेत.' हे तुम्ही लिहिलंय?"

मी मान डोलावली.

"आम्हाला विचारलं होतं?"

मी मान डोलावणार होतो, पण थांबलो.

"बाबा," ती म्हणाली, "ही मंडळी मला बघायला आलेली नाहीत. आपलं घर बघायला आलीयेत. आपण थांबा क्रमांक चार आहोत."

मामांच्या दाताखाली शेवटचा शेंगदाणा कडकन फुटला, तो सगळ्यांना ऐकू आला. आणि नेमकी त्याच वेळी दाराची कडी वाजली. बाहेर चार माणसं. पटका, इरकल, नारळ, पेढे, आणि मागे मान खाली घातलेला मुलगा. सोबत घामाघूम झालेला मध्यस्थ.

"जतकडचे पाव्हणे आणलेत!" तो म्हणाला. मग आत बघून, "आवं, मग हे कोन?"

"हेपण जतकडचेच," काका क्षीण आवाजात म्हणाले.

कुणीही शहाणा माणूस इथं चपला शोधून निघाला असता. मी अर्धा उठलोही होतो. पण आईनं पदर खोचला.

"आवं ताई," ती काकूंना म्हणाली, "तुमच्या पाव्हण्यांचं पोहं आमी खाल्लं. आता आमीच करून घालनार. कांदं कुठं हाईत?"

"अहो, कशाला, राहू द्या..."

"राहू कसं द्या? आमच्या पोटात हाईत न्हवं ते! बिरा, चल, कांदं सोल!"

मी स्वयंपाकघरात गेलो. आता पाळायला अट उरली नव्हती, कारण जे सांगायचं ते तेजश्रीनं सांगून टाकलं होतं. मी कांदे सोलत म्हणालो, "काकू, खरं सांगतो, नकाशात चूक नव्हती." काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरा कांदा पुढे केला.

बाहेर वेगळंच चाललं होतं. खऱ्या पाहुण्यांना पोहे होईपर्यंत बसवून ठेवायचं होतं, तेव्हा आप्पा उठले आणि त्यांनी माझं पत्रक हातात घेतलं. आप्पांना वाचायला वेळ लागतो, म्हणून त्यांनी ते नुसतं धरलं, वाचलं नाही.

"बसा गड्यांनो. हे खांब बघा, सागाचं हाईत. आन् ह्या गल्लीच्या खाली एक हौद हाय. आपल्याकडं पान्यासाठी आभाळाकडं बघत्यात, हितल्या मानसांनी डोंगराला नळ लावलं! टँकरबिगर! माझ्या पोरानं लिवलंय ते. बघून जावा."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. डोळ्यांत पाणी होतं. (कांद्याचं. असं मी त्या वेळी सांगितलं.)

पोहे झाले, सगळ्यांनी खाल्ले, आम्ही निघालो. निघताना मध्यस्थानं मामांचा नंबर घेतला. "आसू द्या, मिल्ट्रीतल्या मानसाची वळख बरी आसती." उरलेले दोन थांबे आप्पांनी पाहिलेच. मामा म्हणाले, "आता बास," तर आप्पा म्हणाले, "पोरानं सहा लिवल्यात, सहा बघनार."

सरांनी पत्रक पास केलं, पण म्हणाले, चौथा थांबा काढून टाका. मी काढला नाही. फक्त ओळ बदलली: "बाहेरूनच पाहा." मला मात्र दुसऱ्या निकालाची काळजी होती. आप्पा त्यावर काहीच बोलत नव्हते. फोन केला की पावसाचं सांगायचे, मेंढरांचं सांगायचे, एम.ए.चं नाव नाही. अर्जाची मुदत संपत आली. मामांनी गावातल्या एकाकडून माझ्यासाठी पळायचे बूट आणल्याचं कळलं आणि मी आशा सोडली.

मग एके दिवशी मामांचा फोन आला.

"बिरा, साताऱ्यास्नं निरोप आलाय. नकार हाय."

"कुणाला?"

"त्या पोरालाबी आन् तुलाबी."

"मामा, मी कुठं बघायला गेलो होतो?"

"मीबी तेच म्हनलं! तर मध्यस्थ म्हनतो, दोन्ही पार्ट्यांनी पोहं खाल्लं, दोन्हीस्नी निरोप देनं माझं काम हाय. तुझ्याबद्दल पोरगी म्हनली, आधी आलेला त्यातल्या त्यात बरा होता, पर नुसता बी.ए. हाय, आन् विचारंल त्याला मान डोलावतो."

मागून आप्पांचा आवाज आला. फोन त्यांनी हिसकावून घेतला असावा.

"नुसता? माझं पोरगं नुसतं? बिरा, आत्ताच्या आत्ता जा आन् एम.ए.चा अर्ज भर! पैशाचं मी बघतो. ते बूट मामा घालंल!"

मी त्याच दिवशी अर्ज भरला. वर्गातली बाकीची मुलं शिष्यवृत्तीवर शिकतात. मी, ज्या मुलीला बघायला गेलोच नव्हतो, तिच्या नकारावर शिकतोय!