समासातली पेन्सिल

मला संख्याशास्त्राचा भारी माज होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. एम.एस्सी. नुकतं झालेलं, सदर भागात दोन खोल्यांत आई, मी आणि धाकटी बहीण राहायचो. बहिणीला मिरगी होती. गोळ्यांनी झटके थांबले, पण ती दिवसभर पेंगायची, आणि डी.एड.ची परीक्षा तोंडावर आलेली. "भाऊ, पुस्तक उघडलं का झोप येते. डाक्टरले गोळी कमी करायले सांग ना गा," म्हणून रोज माझा जीव खायची.

डॉक्टरांनी तिच्या मेंदूचा आलेख दोनदा काढला होता, गोळ्यांआधी आणि नंतर. डोक्याला चकत्या चिकटवायच्या, मग यंत्राची पेनं लांबलचक कागदावर लाटा ओढत जातात. ते म्हणाले, "फरक दिसतोय. पण तो खरा की योगायोगाचा, एवढं तू काढून दे."

झालं! मी फूटपट्टी घेऊन बसलो. दर दहा सेकंदांच्या तुकड्यात मोठ्या, संथ लाटा, म्हणजे मिरगीची खूण, किती हे मोजायचं आणि समासात काड्या मारायच्या. चार झाल्या की पाचवी आडवी. पंख्यानं कागद उडायचा म्हणून वर वरवंटा ठेवायचो. सरासरी, विचलन, सगळं दोनदा तपासलं. दुसऱ्या आलेखात लाटा निम्म्याहून कमी. योगायोग शक्यच नाही, असं मी छातीठोक सांगितलं. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली.

बाराव्या दिवशी पोळ्या करताना तिला झटका आला. उजवा हात तव्यावर. आई नळावर गेलेली, मी बाहेरच्या खोलीत. हात किती वेळ तिथं होता, मला अजून माहीत नाही. परीक्षा त्याच हातानं लिहायची होती.

तिला घेऊन आई दवाखान्यात गेली, आणि मी वेड्यासारखे ते कागद पुन्हा उलगडले. बेरजा बरोबर. भागाकार बरोबर. मग दुसऱ्या आलेखाच्या पहिल्याच पानावर, माझ्या काड्यांखाली, फिकट पेन्सिल दिसली. यंत्र चालवणाऱ्यानं लिहिलं होतं: केस तेलकट, चकत्या नीट चिकटत नाहीत.

अरे बापा! लाटा डोक्यात कमी नव्हत्याच, कागदापर्यंत धड पोचल्या नव्हत्या. आणि मी, गाढव, त्याच ओळीवर काड्या मारत बसलो होतो.

पहिल्या वेळी तिला झटक्यानंतर तशीच नेली होती, कोरड्या, विस्कटलेल्या केसांनी. दुसऱ्या वेळी आईनं वाटीभर खोबरेल जिरवून घट्ट वेणी घालून दिली. "मोठ्या डाक्टरकडे चालली अन् असं भुरकट डोकं घेऊन जाशील काय वं?"

संध्याकाळी दोघी परतल्या. बहिणीचा हात कोपरापर्यंत पट्टीत. आई माझ्यासमोर उभी राहिली. "काहून झालं गा असं? तुनं तं मोजून पाह्यलं होतं ना?"

कागद माझ्या मांडीवरच होता. पेन्सिलीच्या ओळीवर मी तळहात ठेवला.

"गणित चुकलं माझं," मी म्हणालो.

आईनं आतून तेलाची वाटी आणली, बहिणीला पुढ्यात बसवलं आणि तिचे केस सोडले. आता तिला स्वतःची वेणी घालता येणार नव्हती.