बादलीभर पुरावा

स्वतःच्या अंगणात पोहण्याचा तलाव बांधून घेणाऱ्या माणसाकडे कारागिराचा शेवटचा हप्ता द्यायला पैसे नसतात, असं तुम्हाला खरंच वाटतं? वाटत असेल, तर तुम्ही रामटेके काकांना भेटायला हवं होतं. काका आमच्या गल्लीतले, उत्तर नागपुरातले. वीसेक वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बंगल्यांत असे तलाव बांधले. स्वतः एकातही उतरले नाहीत, कारण पोहता येत नव्हतं. निळ्या टाइल्सच्या त्या सगळ्या श्रीमंतीला ते सरळ 'टाकं' म्हणत. "पाणी थांबते तं टाकंच थे," एवढंच त्यांचं म्हणणं.

माणसाच्या नजरेवर काकांचा विश्वास नव्हता. भिंत सरळ दिसते असं कोणी म्हटलं, की ते पाण्याची नळी काढून पातळी बघायचे. माझे बाबा आयुष्यभर चळवळीची पत्रकं छापत आले. एकदा त्यांनी रंगात येऊन सांगितलं, की सभेला अफाट गर्दी होती. काकांनी शांतपणे विचारलं, "खुर्च्या किती लावल्या होत्या गा?"

सरांचं काम त्यांना मीच मिळवून दिलं. सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक आणि आमचे लाडके वक्ते. श्रमिकांच्या हक्कांवर त्यांनी लिहिलेली पत्रकं मी शाळेत असल्यापासून चौकात वाटत आले. परदेशातला नातू उन्हाळ्यात येणार, म्हणून त्यांना बंगल्यामागे तलाव हवा होता. करार त्यांनी स्वतः लिहिला, चार पानी, सुंदर मराठीत. काकांचा चष्मा फुटलेला, म्हणून मीच तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि वर भाषेचं कौतुकही केलं. 'अंतिम रक्कम मालकाचे पूर्ण समाधान झाल्यावर देय होईल' या वाक्याशी काकांनी मला थांबवलं.

"समाधान मोजाले येते का वं?"

मी हसले. म्हटलं, काका, सर आपलेच आहेत. काकांनी सही केली. न मोजता त्यांनी केलेली मला माहीत असलेली ही एकच गोष्ट, आणि तीही माझ्या शब्दावर.

तलाव मे महिन्यात भरला. नागपूरचा मे, दोरीवर टाकलेला टॉवेल चिमटा लावेपर्यंत वाळतो. तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. पाणी बोटभर उतरलं, म्हणजे तलाव गळतो, म्हणजे समाधान नाही, म्हणजे हप्ता नाही. त्या हप्त्यात टाइल्स बसवणाऱ्या चार मिस्त्र्यांची मजुरी होती आणि काकांची सगळी कमाईही.

काका मला घेऊन गेले. एक बादली मागून घेतली, तलावातलंच पाणी तिच्यात भरलं, ती पहिल्या पायरीवर अर्धी बुडवून ठेवली आणि आत-बाहेर दोन्ही पातळ्यांवर खूण केली. ऊन दोन्ही पाण्यांना सारखंच लागतं. तलाव गळत असेल तर बाहेरचं पाणी जास्त उतरेल, नाहीतर दोन्ही बरोबरीनं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पायरीशी ओणवे झालो. काकांनी फूटपट्टी लावली. आत जेवढं उतरलं होतं, तेवढंच बाहेर.

पुरावा समोर असताना विचारवंताला जो विचार करावा लागतो, तो सरांनी केला. मग म्हणाले, "बादलीही गळत असेल."

"बादली तं तुमच्याच बाथरूममधली हाये, सर."

सर दुखावले. प्रश्न पाण्याचा नसून विश्वासाचा आहे, असं म्हणून त्यांनी करारातल्या त्या वाक्यावर बोट ठेवलं. पुढे दोन महिने त्यांचं समाधान होता होता राहून गेलं. कधी टाइल्सचा निळा फिका वाटला, कधी पायरी नातवाला उंच पडली. नातू तोवर रोज दोनदा पोहत होता.

काकांनी काँक्रीटचा मिक्सर विकला आणि मिस्त्र्यांची मजुरी चुकती केली. मी तावातावानं सरांच्या नावानिशी पत्रक लिहिलं आणि काकांना वाचून दाखवायला गेले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"मस्त लिवलं. पण छापू नको. बंगलेवाले एकमेकाले इचारूनच काम देतात. मले पुढचं टाकं कोण देईन?"

लढायला माणसाकडे आधी पुढचं काम असावं लागतं, हे मी वाटलेल्या एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं. पत्रक मी छापलं नाही. पण मिक्सर नसलेल्या ठेकेदाराला तलाव कोण देतो? दोन वर्षं काका नागपूरबाहेर मौद्याच्या बाजूला पाण्याच्या टाक्यांची गळती बुजवत फिरले आणि यंदाच्या हिवाळ्यात छातीत कळ येऊन गेले.

शोकसभेला सर आले. श्रमणाऱ्या हातांवर बोलले, आणि उत्तमच बोलले. मग खाली उतरून काकूंसमोर हात जोडले आणि म्हणाले, काही लागलं तर निःसंकोच सांगा.

"उरलेला हप्ता लागते, सर," काकू म्हणाल्या.

सर चपला शोधू लागले.

काकांना आता कोणाकडूनच काम नको आहे, म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरी कोणी फरशी बसवत असेल, टाकी बांधत असेल, तर आज रात्री तुमचा करार काढा आणि त्यातला 'समाधान' हा शब्द खोडा. त्या जागी इंच लिहा, दिवस लिहा. काम झालं की कारागिराच्या समोर मोजा, आणि माप जुळलं की तो फाटकाबाहेर पडायच्या आत त्याचे पैसे त्याच्या हातात द्या.