थाळी वाजली की मागे या

दुपारचे सव्वाचार वाजले होते. चारचा भोंगा होऊन गेला होता, पहिल्या पाळीची माणसं घराकडे यायला लागली होती, आणि मी आगीच्या बंबामागे हातात थाळी घेऊन उभी होते. फजितीला सुरुवात झाली ती तिथून.

माझी फजिती मीच सांगितलेली बरी. शेजारची कौसल्याबाई सांगते तेव्हा त्यात मी रडतेसुद्धा. मी रडले नव्हते, हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही तेव्हा तुमसरच्या पलीकडे खाणीच्या वसाहतीत राहत होतो. क्वार्टरांच्या दोन रांगा, मधून रस्ता, रस्त्याच्या टोकाला बंबाचं शेड, आणि शेडाला लागून आमचं घर. बंब रोज दुपारी पाणी भरून यायचा आणि उलटा शेडात शिरायचा. कुठं आग लागली तर तोंड बाहेरच असावं, म्हणून उलटा. हे मला पटायचं. पण मागे कोणी उभं नसायचं, ते पटत नव्हतं. टाकीतून पाणी ठिबकायचं आणि वसाहतीतली सारी पोरं त्या पाण्याखाली पाय भिजवायला धावायची. सगळ्यांत पुढे आमची छबी. अडीच वर्षांची.

तुम्हीच सांगा, कोणत्या आईला झोप लागेल?

एक दिवस मी बंबाचे ड्रायव्हर गेंदलालभाऊ यांना गाठलं.

"भाऊ, मागचं दिसते का तुमाले?"

"आरशात दिसते नं, वहिनी."

"मंग छबी कुठं आहे सांगा."

ते आरशाकडे वाकले. डावीकडे वाकले, उजवीकडे वाकले. छबी मागच्या चाकाला टेकून माती खात होती.

"नाई दिसत जी," ते म्हणाले. माणूस खरं बोलणारा.

घरी हे चिडले. "काहून जीव खाऊन रायली त्यायचा? इतके वर्षं बंब उलटा जाते, कोणाले काही झालं का?"

"झाल्यावर बोलू का मंग?" मी म्हटलं.

मी खाणीच्या साहेबांकडे गेले. साहेब हसले. म्हणाले, "बाई, एवढी काळजी आहे तर तुम्हीच उभ्या राहा ना मागे."

त्यांनी थट्टा केली होती. मी ती थट्टा म्हणून घेतली नाही.

आता खूण काय ठेवायची? इंजिनाच्या आवाजात माझं ओरडणं कोण ऐकणार? माझं माहेर आंधळगावचं. धानाच्या बांधीवर उभं राहून पोपट हाकलायला मी लहानपणी थाळी वाजवलेली. तिचा आवाज कुठंही पोचतो. मी गेंदलालभाऊंना नेम समजावून सांगितला.

"थाळी वाजत राहील तोवर मागे या. थाळी थांबली की जागच्या जागी थांबा."

"उलटं ठेवू ना. वाजली की थांबतो."

"आन मीच पडली तर? थाळी हातून सुटली तर? मंग कोण वाजवल?"

"बराबर आहे जी."

"आन थांबल्यावर कोणी काही म्हणो, हलाचं नाही, उतराचं नाही."

"साहेब म्हणले तर?"

"साहेब म्हणले तरी नाही."

तर सव्वाचार. सारी पोरं मी आमच्या ओट्यावर नेऊन बसवली. छबी काही बसेना. शेवटी मीच तिला उचलून गेंदलालभाऊंच्या मांडीवर दिली. चालत्या बंबाच्या मागे येण्यापेक्षा आत बरी. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या पाच मिनिटांत मी ते साफ विसरणार आहे.

मी मागे उभी राहिले आणि थाळी वाजवायला लागले. बंब इमानदार बैलासारखा मागे यायला लागला. मला काय वाटलं म्हणून सांगू. साहेबाला बोलवावं आणि दाखवावं असं वाटलं.

पण आमच्याकडे थाळी वाजते ती मुलगा झाला म्हणून. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि कौसल्याबाईच्या सुनेला नववा महिना लागलेला. कौसल्याबाई चक्कीवरून पीठ घेऊन येत होती. थाळी ऐकली आणि ती रस्त्यातच ओरडली, "झाला व! नातू झाला माहा!"

दोन्ही रांगांतल्या बाया निघाल्या. आवाज जिथून येतो तिथं आल्या, म्हणजे बरोबर बंबाच्या मागे. त्यांना पाहून ओट्यावरची पोरंही उतरली. जी जागा मोकळी करायला मी थाळी घेतली होती, तिथं त्या थाळीनंच जत्रा भरवली.

मी थाळी थांबवली. बंब जागच्या जागी थांबला.

"कुठं आहे पोरगा?" कौसल्याबाईनं विचारलं.

"पोरगा नाही, मावशी. बंब मागे येऊन रायला."

"बंबासाठी थाळी? डोस्कं फिरलं का व तुहं?"

मी पोरांवरून नजर फिरवली. सगळी होती. छबी नव्हती.

मी हाक मारली. बायांनी पदर खोचून चाकाखाली पाहिलं. कोणी म्हणालं, नाल्याकडे जाताना दिसली. तेवढ्यात हे पाळीवरून आले. नवी कोरी सायकल शेडाच्या दारात टेकवली आणि नाल्याकडे धावत सुटले.

आणि बंबाची पितळी घंटी वाजायला लागली. टण टण टण. घंटी म्हणजे आग. माणसं बादल्या घेऊन आली. मी सातवी शिकले आहे, तीन अर्धे होत नाहीत हे मला कळतं. पण त्या दिवशी अर्धी वसाहत आग शोधत होती, अर्धी बाळ शोधत होती, आणि अर्धी माझी छबी.

मला त्या घंटीचा संताप आला. मी पुढे धावले. "भाऊ, घंटी कायले वाजवून रायले? इथं माही पोरगी..."

आत गेंदलालभाऊंच्या मांडीवर छबी. घंटीची दोरी दोन्ही हातांत.

"तुम्ही सांगितलं काहून नाही?"

"कवाचा ओरडून रायलो, कोण ऐकते? आन उतराचं नाही म्हणलं तुम्हीच. थाळी कुठं वाजली?"

गर्दी माझ्यामागून पुढे आली. हेही नाल्यावरून धापा टाकत आले. कौसल्याबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पोरगा झाला नाही, मंग थाळी कोणाची होती ते तरी सांग."

"माह्या छबीची," मी म्हटलं. "झाली तेव्हा कोणी वाजवली नव्हती. आज मी वाजवते."

आणि वाजवली. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून वाजवली.

गेंदलालभाऊ शब्दाचे पक्के. थाळी वाजली, त्यांनी बंब मागे घेतला. मागे कडकड असा आवाज झाला. नव्या सायकलचा पापड झाला होता.

"मागे कोण उभं होतं?" यांनी विचारलं.

सगळे माझ्या हातातल्या थाळीकडे पाहत होते.

अजून मला थाळीवाली म्हणतात. म्हणू द्या. थाळी थांबली तेव्हा दोन रांगांची पोरं बंबाच्या मागे होती आणि एकालाही खरचटलं नाही. नेम चुकला नव्हता, मी जागा सोडली होती. दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी मागे माणूस उभा केला, शिटी देऊन.

म्हणून तुमच्या घरी, गावात कोणी बंब, ट्रक, ट्रॅक्टर चालवत असेल तर माझा निरोप द्या. मागे माणूस नसेल तर मागे येऊ नका. आणि त्या मागच्या माणसालाही सांगा, हरवलेलं लेकरू सापडलं तरी जागा सोडायची नाही. सायकलचं नाही सांगितलं तरी चालेल.